मंदगती लिम्फोमा : थांबावे केव्हा, उपचार घ्यावेत केव्हा



कर्करोग हा शब्द एखाद्या घरात शिरला, की त्याच्या पाठोपाठ ‘लवकर’ हा शब्द येतोच. लवकर तपासा, लवकर काढून टाका, लवकर केमोथेरपी सुरू करा. स्तनाचा, तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल तर ही घाई सर्वस्वी योग्य आहे आणि याच सदरातून मीही तिचा आग्रह अनेकदा धरला आहे. मात्र कर्करोगांच्या कुळात एक शाखा अशी आहे, की सर्व तपासण्या झाल्यावर, निदान पक्के झाल्यावर, निष्णात तज्ज्ञ शांतपणे सांगतात, ‘‘सध्या औषध नको. तीन महिन्यांनी या.’’

हे वाक्य ऐकून बाहेर पडलेले कुटुंब गोंधळून जाते. कोणाला वाटते, रोग हाताबाहेर गेला म्हणून डॉक्टरांनी हात टेकले. कोणाला वाटते, डॉक्टरांना काही कळलेच नाही. मग कोणी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या शहरातील रुग्णालय गाठते, तर कोणी काढे आणि भस्मे सुरू करून तपासणीला जाणेच सोडून देते. पहिल्या वाटेने रुग्णाला नको असलेल्या औषधांचा त्रास होतो. दुसऱ्या वाटेने खरी गरज निर्माण होते तेव्हा तो औषधापासून दूर असतो. फॉलिक्युलर लिम्फोमा हा मंदगती लिम्फोमांपैकी सर्वाधिक आढळणारा आजार. त्याच्या निमित्ताने हा ‘थांबा’ कशासाठी असतो, तो केव्हा संपतो आणि त्यानंतर कोणते उपचार असतात, हे आज पाहू.

मरण विसरलेल्या पेशी

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने लसीकावाहिन्यांचे एक जाळे असते. या जाळ्यात ठिकठिकाणी, विशेषतः मानेत, काखेत, जांघेत, छातीत आणि पोटात, लसीका ग्रंथी असतात. जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची ही ठाणी. याच पेशी बिघडून अमर्याद साठू लागल्या, की त्या आजाराला लिम्फोमा म्हणतात. लंडनचे वैद्य थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा ग्रंथींच्या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार वेगळा काढला, तर उरलेल्या साऱ्यांना नॉन-हॉजकिन लिम्फोमा म्हणतात. या उरलेल्यांत डझनावारी प्रकार आहेत आणि व्यवहारात त्यांचे दोन स्वभाव दिसतात. काही आठवड्यांत वाढतात, तर काही वर्षानुवर्षे रेंगाळतात.

फॉलिक्युलर लिम्फोमा दुसऱ्या स्वभावाचा. तो बहुधा उतारवयात, साठीच्या आसपास किंवा त्यानंतर आढळतो. पाश्चात्त्य देशांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णास हा प्रकार असतो. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी आहे. बहुसंख्य रुग्णांच्या पेशींत चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. तिच्यामुळे बीसीएल-२ नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा अधिक तयार होते. निरोगी लिम्फोसाइट आपले काम संपले की स्वतःहून नष्ट होतो. हे प्रथिन त्याला नष्ट होऊ देत नाही. म्हणजे येथे पेशी वेगाने वाढतात असे नाही, त्या वेळेवर मरत नाहीत. घरातील जुनी वर्तमानपत्रे रद्दीत न घालता साठवत गेलो, तर खोली एका दिवसात भरत नाही, पण हळूहळू भरते. या आजाराची चाल तशी आहे.

याच स्वभावातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. बहुतेक केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. त्यामुळे वेगवान लिम्फोमा अधिक घातक असूनही औषधांनी कायमचा बरा होण्याची शक्यता त्यातच अधिक असते. मंदगती लिम्फोमा औषधांनी सहज मागे हटतो, परंतु त्याचे मूळ बहुधा पूर्णपणे निघत नाही. काही वर्षांनी तो परत डोके वर काढतो. मात्र या आजारासह पंधरा-वीस वर्षे जगलेले रुग्ण आज दुर्मिळ नाहीत. म्हणूनच त्याकडे मधुमेहासारखा दीर्घ सोबतीचा आजार म्हणून पाहणे अधिक वास्तव ठरते.

निदानातच घाई नको

मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी, रबरासारखी लागणारी गाठ हे याचे नेहमीचे रूप. ती कधी थोडी कमीही होते आणि रुग्ण निश्चिंत होतो. आपल्या देशात अशा गाठीचे पहिले संशयित असते क्षयरोग. आपली जुनी माणसे ज्याला गंडमाळ म्हणत, ती हीच. क्षयरोगाचे प्रमाण आपल्याकडे इतके आहे, की हा संशय रास्तच असतो. परंतु नुसत्या संशयावर, नमुना न तपासता, सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करणे योग्य नव्हे. गाठ क्षयाची आहे की लिम्फोमाची, हे बोटांनी चाचपून सांगता येत नाही.

सुईने थोडा रस ओढून केलेली तपासणी ही पहिली पायरी म्हणून ठीक आहे. लिम्फोमाचा प्रकार ठरवण्यास मात्र ती पुरत नाही. पेशी ग्रंथीत कशा मांडणीने बसल्या आहेत हे पाहावे लागते आणि त्यासाठी शक्य असेल तेथे संपूर्ण गाठच काढून बायोप्सीला पाठवावी लागते. येथे घरातील वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, ‘‘चाकू लावू नका, पसरेल.’’ लिम्फोमाच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. मानेतील गाठ काढल्याने तो पसरत नाही. बायोप्सी टाळल्याने चुकीच्या रोगाचे औषध मिळण्याचा धोका मात्र नक्की वाढतो.

बायोप्सीचा अहवाल नीट जपा. त्याहून अधिक जपा तो मेणाचा ठोकळा, ज्यात तुमच्या गाठीचा तुकडा बसवलेला असतो. त्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात. दुसरे मत घ्यायचे झाले, तर मोठ्या रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट हाच ब्लॉक मागतात. अहवालात पेशींची ‘ग्रेड’ लिहिलेली आढळेल. पहिल्या आणि दुसऱ्या ग्रेडचा आजार मंद असतो. ‘३-बी’ असा उल्लेख असेल, तर तो बहुधा वेगवान लिम्फोमाप्रमाणे हाताळला जातो आणि पुढे मी जे थांबण्याविषयी लिहिणार आहे ते त्याला लागू होत नाही.

‘चौथी स्टेज’ ऐकून खचू नका

निदानानंतर पेट-सीटी स्कॅन आणि काही वेळा अस्थिमज्जेची तपासणी करून आजाराची व्याप्ती ठरवली जाते. एका भागातील ग्रंथींपुरता असेल तर पहिली स्टेज. श्वासपटलाच्या एकाच बाजूला अनेक ठिकाणी असेल तर दुसरी. दोन्ही बाजूंना असेल तर तिसरी. अस्थिमज्जा किंवा अन्य अवयवांत पोहोचला असेल तर चौथी.

बहुसंख्य रुग्णांत हा आजार सापडतो तोच मुळी तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजमध्ये. लिम्फोसाइट ही शरीरभर फिरणारी पेशी असल्याने तिचा आजारही आरंभापासून पसरलेला असणे स्वाभाविक आहे. फुप्फुसाच्या किंवा जठराच्या कर्करोगात ‘चौथी स्टेज’ या शब्दांचा जो अर्थ होतो, तो येथे होत नाही. चौथ्या स्टेजचे निदान झालेल्या रुग्णालाही तज्ज्ञ ‘सध्या थांबू’ म्हणू शकतात आणि ते योग्यच असू शकते.

पहिल्या किंवा मर्यादित दुसऱ्या स्टेजमध्ये मात्र वाट वेगळी आहे. तेथे केवळ त्या भागाला किरणोपचार दिले जातात. बहुधा एकूण २४ ग्रे एवढी मात्रा सुमारे बारा बैठकांत विभागून देतात. इतर अनेक कर्करोगांच्या मानाने ही मात्रा बरीच कमी आहे. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये दहा वर्षांनंतरही आजार परतलेला नसतो. म्हणूनच सापडलेला रोग खरोखर एकाच जागी आहे का, याची खात्री करणे मोलाचे ठरते.

थांबण्यामागे पुरावा आहे

‘पाहा आणि थांबा’ ही पद्धत डॉक्टरांच्या उदासीनतेतून आलेली नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मंदगती लिम्फोमाच्या ८३ रुग्णांना सुरुवातीस उपचार न देता नियमित तपासले गेले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांच्या गाठी कोणत्याही औषधाविना काही काळ ओसरलेल्या आढळल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांची चाचणी झाली. त्रास नसलेल्या या रुग्णांपैकी काहींना लगेच केमोथेरपीच्या गोळ्या दिल्या, तर काहींना केवळ निरीक्षणाखाली ठेवून गरज पडल्यावर औषध दिले. २००३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा, की दोन्ही गटांतील रुग्ण सारखेच जगले. निरीक्षणाखालील रुग्णांपैकी सुमारे १९ टक्क्यांना दहा वर्षांनंतरही केमोथेरपीची गरज पडली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते.

नव्या औषधांच्या काळात हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत त्रास नसलेल्या रुग्णांना लगेच रितुक्सिमॅब देऊन पाहिले. त्यांच्यापैकी ज्यांना ते दीर्घकाळ दिले, त्यांच्यातील ८८ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही पुढील उपचार लागले नव्हते. निरीक्षणाखालील गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे औषधाने पुढचा उपचार लांबला. आयुष्य किती लाभले, याबाबत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

या आकड्यांचा अर्थ घरच्या भाषेत सांगायचा तर असा : हे औषध आज घेतले काय आणि गरज पडल्यावर घेतले काय, आयुष्याची दोरी त्याने लांबत नाही किंवा आखूडही होत नाही. मग त्रास नसताना औषधाचे दुष्परिणाम, खर्च आणि रुग्णालयाच्या खेपा आधीच का ओढवून घ्याव्यात?

थांबण्याचा भार

कागदावर हे पटते. मनाला पटवणे अवघड असते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांना बहात्तराव्या वर्षी हा आजार निघाला. तज्ज्ञांनी निरीक्षणाचा सल्ला दिला. त्यांचा मुलगा मला म्हणाला, ‘‘डॉक्टर, आईच्या अंगात कॅन्सर आहे आणि आपण नुसते बघत बसायचे?’’ त्याची तगमग खरी होती. त्या घराने तोवर काय केले होते पाहा : बाईंची ठरलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया रद्द केली होती, त्यांचे सकाळचे फिरणे बंद केले होते आणि भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच हळू आवाजात ‘त्यांच्यासमोर विषय काढू नका’ असे सांगितले जात होते. आजाराने बाईंचे काहीही हिरावले नव्हते. घरातल्या माणसांच्या मायेनेच त्यांचे फिरणे आणि वाचणे काढून घेतले होते.

मी मुलाला सांगितले, ‘‘आईंच्या डोळ्याची तारीख आधी घ्या.’’ तज्ज्ञांना विचारून ती शस्त्रक्रिया झाली. बाई पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागल्या. पुढे चौथ्या वर्षी त्यांची प्लीहा वाढली आणि हिमोग्लोबिन उतरू लागले, तेव्हा उपचार सुरू झाले आणि त्यांनी ते नीट पूर्ण केले. मधली चार वर्षे मात्र त्यांना त्यांच्या मनासारखी जगता आली.

तरीही, सर्वांनाच थांबणे मानवते असे नाही. अंगात रोग आहे या जाणिवेने काहींची झोप उडते, अन्न गोड लागत नाही. अशा रुग्णाने ते तज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. आठवड्यातून एकदा असे चार वेळा केवळ रितुक्सिमॅब देणे, हा मधला मार्ग काही रुग्णांसाठी निवडला जातो. मनाची घालमेल हेही उपचाराच्या निर्णयातील एक कारण असू शकते. ते लपवण्यात अर्थ नाही.

निरीक्षण म्हणजे मोकळीक मात्र नव्हे. सुरुवातीची एक-दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर चार ते सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते. तीत डॉक्टर सर्व ग्रंथी, यकृत आणि प्लीहा हाताने तपासतात. रक्तपेशींची मोजणी आणि एलडीएच ही रक्तातील चाचणी करतात. प्रत्येक वेळी स्कॅन लागत नाही. ‘बरे वाटते आहे’ म्हणून तपासणी चुकवणारा रुग्ण थांबण्याचा फायदा घेत नाही. तो फक्त धोका पत्करत असतो.

थांबा संपतो केव्हा?

उपचार सुरू करण्याचे निकष बऱ्यापैकी ठरलेले आहेत. एखादी गाठ सात सेंटिमीटरहून मोठी होणे, तीन वेगवेगळ्या भागांत तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठी असणे, वाढलेली प्लीहा, गाठीमुळे मूत्रनलिका, श्वासनलिका किंवा अन्य अवयव दाबला जाणे, छातीत किंवा पोटात पाणी होणे, रक्तपेशी कमी होणे. यांच्या जोडीला तीन लक्षणे घरीच ओळखता येतात : अन्य कारण नसताना वारंवार ३८ अंश सेल्सियसहून अधिक ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम आणि सहा महिन्यांत वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट. साठ किलो वजनाच्या व्यक्तीत ही घट सहा किलो होते. म्हणून घरात एक वही ठेवा आणि दर पंधरवड्याला वजन लिहा. नव्या गाठीची जागा आणि तारीखही त्यातच नोंदवा.

औषधांची ओळख

या आजाराच्या उपचाराचा कणा आहे रितुक्सिमॅब. बी-लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावर सीडी-२० नावाची एक खूण असते. हे औषध म्हणजे ती खूण ओळखून तिला चिकटणारे प्रतिपिंड होय. ते चिकटले, की शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था त्या पेशीचा नाश करते. १९९७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही मंदगती लिम्फोमासाठीच. मूळ औषध आपल्याकडील सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने ‘रेडिटक्स’ या नावाने त्याची भारतीय आवृत्ती आणली. त्यानंतर इतर कंपन्यांचीही आली आणि किंमत पुष्कळ खाली आली.

आजाराचा भार मोठा असल्यास रितुक्सिमॅबच्या जोडीला केमोथेरपी देतात. आज त्यात बेंडामुस्टीनचे नाव वारंवार ऐकू येते. हे औषध १९६०च्या दशकात पूर्व जर्मनीत तयार झाले आणि कित्येक वर्षे त्या देशाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. जर्मनीत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रितुक्सिमॅब-बेंडामुस्टीन घेतलेल्या रुग्णांचा आजार पुन्हा वाढण्यास मध्यमानाने सुमारे ६९ महिने लागले. आर-चॉप या जुन्या मिश्रणात हा काळ सुमारे ३१ महिने होता. बेंडामुस्टीनने केसही सहसा गळत नाहीत. त्याची दुसरी बाजू अशी, की त्यानंतर प्रतिकारशक्ती दीर्घकाळ खालावते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून वेगवान आजाराची शंका असेल तर तज्ज्ञ आर-चॉप निवडतात आणि फार वयस्क, दुर्बल रुग्णास कधी केवळ रितुक्सिमॅब देतात. केमोथेरपीऐवजी लेनालिडोमाइड या गोळ्या रितुक्सिमॅबसोबत देण्याचाही पर्याय आहे.

उपचार यशस्वी झाल्यावर दोन वर्षे, दर दोन महिन्यांनी, रितुक्सिमॅब चालू ठेवण्याची पद्धत आहे. त्याने आजार परतण्याचा काळ लांबतो. एकूण आयुर्मान त्याने वाढल्याचे मात्र दिसलेले नाही आणि संसर्गाचे प्रमाण थोडे वाढते. म्हणून हा भाग सर्वांसाठी आपोआप लागू न करता तज्ज्ञांशी बोलून ठरवावा.

पहिल्या सलाइनपूर्वी

माझ्यासारख्या कुटुंबाच्या डॉक्टरचे खरे काम येथे असते. रितुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस-बीची तपासणी झालीच पाहिजे. केवळ एचबीएसएजी नव्हे, तर जुना संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसी ही चाचणीसुद्धा. वर्षानुवर्षे यकृतात निद्रिस्त असलेला हा विषाणू रितुक्सिमॅबनंतर उसळून जिवावर बेतू शकतो. तपासणीत तो आढळला, तर विषाणूविरोधी गोळ्यांच्या संरक्षणाखाली उपचार करता येतात. तुमच्या फाइलमध्ये हे दोन अहवाल नसतील, तर ते स्वतःहून मागा.

लसींचेही तसेच. रितुक्सिमॅबनंतर सुमारे सहा महिने लसीला शरीर नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून निरीक्षणाचा काळ हा न्यूमोकोकस आणि फ्लूच्या लसी घेण्याचा उत्तम काळ आहे. जिवंत जंतूंच्या लसी मात्र टाळाव्यात.

रितुक्सिमॅबच्या पहिल्या सलाइनला थंडी वाजणे, ताप येणे, रक्तदाब उतरणे असे होऊ शकते. म्हणून ते सावकाश, देखरेखीखाली देतात. तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्या घेत असाल, तर त्या सकाळी घ्याव्यात की नाही हे आधी विचारा. केमोथेरपीच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर घरी तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. या एका बाबतीत घाई हेच शहाणपण.

रोगाने स्वभाव बदलला तर

दरवर्षी शंभरांपैकी साधारण दोन-तीन रुग्णांत हा मंद आजार वेगवान लिम्फोमात रूपांतरित होतो. एकच गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढणे, एलडीएच एकाएकी चढणे, अचानक ताप आणि वजनघट, ही त्याची चिन्हे. अशा वेळी, आणि आजार परतला असे वाटेल त्या प्रत्येक वेळी, शक्य असेल तर पुन्हा बायोप्सी करावी. जुन्या अहवालावर नवा उपचार बेतू नये.

केमोथेरपीनंतर पहिल्या दोन वर्षांतच आजार परतणारे साधारण पाचांपैकी एक असतात. त्यांना अधिक तीव्र उपचारांची गरज भासते. त्यात स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण आहे. दोन बाजूंनी पेशींना जोडणारी नवी प्रतिपिंडे आहेत. आणि कार-टी ही पद्धतही आहे, जिच्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना शत्रू ओळखण्यास शिकवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या भारतीय कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. तो आजही महाग आहे आणि फार थोड्यांना लागतो. पण दार उघडले आहे.

जठरातील एक भावंड

मंदगती लिम्फोमांतील आणखी एका प्रकाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जठराच्या अस्तरात होणारा माल्ट लिम्फोमा पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या चिवट संसर्गातून उद्भवतो. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी अशा सहा रुग्णांना केवळ प्रतिजैविके दिली आणि त्यांतील पाचांचा लिम्फोमा मागे हटला. आज अशा रुग्णांत प्रतिजैविके हाच पहिला उपचार मानला जातो. हिपॅटायटिस-सीशी निगडित प्लीहेचा एक लिम्फोमाही विषाणूवरील औषधाने ओसरू शकतो. ‘लिम्फोमा’ एवढाच शब्द ऐकून शेजाऱ्याच्या अनुभवावरून निर्णय घेऊ नये, तो यासाठीच. एकाला सहा केमोथेरपी लागतात, दुसऱ्याला दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, तिसऱ्याला आज काहीच लागत नाही.

घरच्यांनी काय करावे?

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट, टॉवेल, नातवंडे वेगळी करण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी कोणताही खास आहार सिद्ध झालेला नाही. नेहमीचे पुरेसे जेवण, डाळी-कडधान्ये, दूध, चालत असल्यास अंडी आणि रोजचे चालणे पुरे. ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णे आणि घटक न कळणारी भस्मे घेऊ नयेत. त्यांनी यकृत किंवा मूत्रपिंड बिघडले, तर खऱ्या गरजेच्या वेळी औषध देणे कठीण होते. काही घेत असाल, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

निरीक्षणाचा काळ कागदपत्रांसाठीही वापरा. आरोग्यविमा चालू ठेवा, त्याचा हप्ता चुकवू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले कुटुंब बसते का, जवळचे कोणते अंगीकृत रुग्णालय कर्करोगावर उपचार करते, याची चौकशी आताच करून ठेवा. उपचार सुरू करण्याच्या दिवशी रेशनकार्ड शोधण्याची वेळ येऊ नये.

आणि पुढच्या भेटीत तज्ज्ञांना हे प्रश्न विचारा. आमच्या लिम्फोमाचा नेमका प्रकार आणि ग्रेड कोणती? सध्या थांबण्याचे कारण काय आणि कोणता बदल दिसला की आपण उपचार सुरू करू? दोन तपासण्यांच्या दरम्यान काही वाटले तर कोणाला फोन करायचा? उपचार लागलेच, तर तुम्ही कोणते निवडाल आणि का? हिपॅटायटिस-बीची दोन्ही तपासण्या झाल्या आहेत का? उत्तरे त्याच वजनाच्या वहीत लिहून घ्या, पुढच्या तपासणीची तारीख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत नोंदवा आणि ती चुकवू नका.